बिनइस्त्रीचा युनिफॉर्म

कडकबाई हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गल्लीने ठेवलेलं. खळ कडक, इस्त्री कडक, आणि जिभेचं तर विचारूच नका. एखादं गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "राहू दे हो बाई, एवढीशी चुणी आहे, चालेल." की तिने शर्ट त्याच्या हातातून परत ओढलाच म्हणून समजा. "तुम्हाला चालेल, मला नाही चालणार. माझ्या दुकानातून सुरकुती बाहेर पडत नाही." गिऱ्हाईक मुकाट बाकावर बसायचं. बसणाऱ्यांत मोठमोठी माणसं असायची. शाळेच्या हेडसरांचे शर्टसुद्धा तिच्याकडेच यायचे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लांब टेबल, त्यावर जाड कांबळं, कांबळ्यावर पांढरी चादर, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेली गाठोडी. ती गाठोडी घरोघर पोचवायचं काम नवऱ्याचं. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकलगाडी होती आणि तोंडात मोजके शब्द. कुणी त्याच्या गप्प राहण्याचं कारण विचारलं तर म्हणायचा, "बोलायचं खातं मी हिच्याकडे दिलंय. दोघांचं मिळून भागतं."

आणि एकच मुलगी, भिंगरी. लहानपणी टेबलाभोवती गरगर फिरायची, गाठोडी उधळायची, म्हणून भिंगरी. पुढे एका हिवाळ्यात ही पोर सकाळी जागी झाली, तर तिला उठताच येईना. गुडघे वाकेनात, घोटे सुजलेले, हाताची बोटं अशी आखडलेली की पेला धरवेना. डॉक्टर म्हणाले, सांध्यांचा आजार आहे, मुलांनाही होतो, औषध चालू ठेवा, शेक द्या, धीर धरा. औषध चालू राहिलं. धीराचं माहीत नाही, ते सामान या घरात कधी फारसं नव्हतंच. नाव मात्र भिंगरीच राहिलं. बदलायचं का म्हणून शेजारणीने एकदा विचारलं, तर कडकबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ती बाई आठवडाभर दुसऱ्या बाजूने जात होती.

या आजाराची एक लबाडी होती, ती आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. सकाळी पोर लाकडासारखी. मग हळूहळू एकेक सांधा सुटायचा. दुपार झाली की ती इतर मुलींसारखीच चालायची, आणि दिवस चांगला असला तर दोरीवरच्या उड्यासुद्धा मारायची. म्हणजे दुखणं घरच्यांसमोर हजर आणि बाहेरच्यांसमोर गैरहजर. आता सांगा, अशा दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्यात भर आईची. सकाळी भट्टी पेटवल्यासारखी ती कामाला लागायची. गरम पाण्याच्या टबात पोरीचे पाय, दुसऱ्या पातेल्यात हात. मग एकेक बोट तेलाने चोळून सरळ करायचं, गुडघा हळूहळू वाकवायचा. पोर कळवळली की म्हणायची, "ओरड, घरात ओरड काय ओरडायचं ते. बाहेर नाही." मग शर्टाची बटणं आईने लावायची, वेण्या आईने घालायच्या, बुटाच्या लेस आईने बांधायच्या. उंबऱ्याबाहेर पडणारी भिंगरी बघाल तर अंगावर एक चुणी नाही आणि चेहऱ्यावरही नाही. बाप तिला गाडीत गाठोड्यांच्या मधे बसवून शाळेत सोडायचा. पण एवढं सगळं होईपर्यंत घंटा होऊन गेलेली असायची. आणि घंटेनंतर येणाऱ्याची त्या शाळेत गैरहजेरी लागायची.

वर्ष सरत आलं तसं हेडसरांनी आईबापांना बोलावलं. टेबलावर हजेरीपट उघडा होता.

"अशी हजेरी असेल तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही," हेडसर म्हणाले. "नियम आहे. त्याच वर्गात पुन्हा बसावं लागेल."

कडकबाईने पिशवीतून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढल्या. हेडसरांनी त्या हातातही घेतल्या नाहीत.

"अशा चिठ्ठ्या कुणीही आणतं हो. सरकारी मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट आणा. मग उशिरा यायची परवानगी देतो, मागची हजेरी लावतो, सकाळच्या पेपरांना जादा वेळसुद्धा देतो. पण खरं सांगू का? दुपारच्या सुट्टीत तिला दोरीवरच्या उड्या मारताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

आईमागे उभ्या भिंगरीचे कान लाल झाले. कडकबाई हेडसरांच्या बाहीकडे बघत होती. बाहीवरची ती धारदार घडी तिनेच आदल्या दिवशी घातलेली. एरवी तिने शब्दाला शब्द वाढवला असता, पण पोरीच्या वर्षाचा प्रश्न होता, म्हणून पहिल्यांदाच जीभ आवरली. "आणते सर्टिफिकेट," एवढंच म्हणाली.

घरी येताना भिंगरी गाडीतून म्हणाली, "मला परत त्याच वर्गात बसवलं ना, तर मी शाळेत जाणारच नाही. सांगून ठेवते. इस्त्रीच करीन मग."

"या हातांनी?" आई फटकन बोलून गेली, आणि बोलल्या क्षणी तिला वाटलं जीभ झडली असती तर बरं. पोरीने मान दुसरीकडे वळवली. बाप नुसता पायडल मारत राहिला, पण त्याला ठाऊक होतं, ही पोर बोलली तसं करणार. आईवर गेली होती ना.

मग बोर्डाची तारीख मिळाली. आणि तिथे कडकबाईने जो घोळ घातला तो दुसऱ्या कुठल्याही आईने घातला नसता. मोठ्या डॉक्टरांसमोर जायचं म्हणून ती नेहमीच्याही आधी उठली. टबातलं पाणी दोनदा बदललं. बोटं अशी चोळली की लोण्यासारखी मऊ व्हावीत. नवा युनिफॉर्म, खळ घातलेला, कॉलर अशी की बोट कापेल. "नीट उभी राहा. विचारतील तेवढ्याचं उत्तर दे. कुरकुर करायची नाही," असं वाटेत तीनदा बजावलं. नंबर लागेपर्यंत दुपार होत आली. भिंगरी ताठ मानेने आत गेली.

मोठे डॉक्टर थकलेले होते, चष्मा कपाळावर चढवलेला. "चाल बघू. हं. हात वर कर. मूठ वळ. छान. दुखतंय का आत्ता?"

"नाही," भिंगरी म्हणाली. खरंच दुखत नव्हतं.

"पण सकाळी..." कडकबाईने तोंड उघडलं.

"बाई, मला समोर दिसतं ते मी लिहितो," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा नंबर आत आला.

कागदावर लिहून आलं, तपासणीत दोष आढळला नाही. झालं! कडकबाई घरी आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊन. डॉक्टरला शिव्या, हेडसरांना शिव्या, नवऱ्याला उगाचच. नवऱ्याने त्या मुकाट झेलल्या. मग ती पोरीवर उलटली. "सकाळचं का नाही सांगितलंस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तूच म्हणालीस ना, कुरकुर करायची नाही." भिंगरीचा आवाज चढला. "आणि काय सांगू? तू सगळं शेकून, चोळून, बटणं लावून नेलंस. त्यांनी काय बघायचं? तुझी इस्त्री?"

कडकबाई मटकन बाकावर बसली, गिऱ्हाइकाच्या बाकावर, जिथे ती जन्मात बसली नव्हती. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाली, "कर्म माझं! ताकाला गेले आणि भांडं लपवून आले." तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती रागावायची, तशी रागावली. फक्त या वेळी राग स्वतःवर होता.

समोरच्या शिंप्याने दुसऱ्या दिवशी सल्ला दिला. तो फुकट सल्ले द्यायचाच. "पोरीला थोडं लंगडायला सांगा, दोन टिपं गाळायला सांगा. साहेब लोकांना तसंच समजतं."

"नाटक करायचं?" कडकबाई म्हणाली. "माझ्या पोरीचं खरं दुखणं आहे, त्याला खोटं लंगडं कशाला जोडू? दाखवीन तर खरं दाखवीन. नाहीतर नाही." शिंपी आपल्या मशीनकडे वळला.

बोर्डाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, एकदा नाकारलं की लगेच परत घेता येत नाही.

"कुठे लिहिलंय?"

"तसंच असतं."

"जिथे असतं तिथे दाखवा. नसेल दाखवता येत, तर 'आम्ही परत तपासणार नाही' असं लिहून द्या, खाली तुमची सही करा. मी जाते."

कारकून लोक वाघाला भिणार नाहीत, पण स्वतःच्या सहीला भितात. त्याने मान वर करून या बाईकडे नीट पाहिलं. मागे रांग चुळबुळ करत होती, कडकबाई खिडकीला खांब रोवल्यासारखी उभी. शेवटी त्याने खणातून फेरतपासणीचा अर्ज काढला. म्हणजे होता तो, खणात होता!

"सकाळचा पहिला नंबर पाहिजे," ती म्हणाली.

"जो आधी येईल त्याचा पहिला. दार उघडायच्या आत या."

"मी तुमच्या दारालाच उठवते."

आदल्या संध्याकाळी तिने भिंगरीला समोर बसवून सांगितलं. "उद्या गोळी घ्यायची, ती चुकवायची नाही. पण गरम पाणी नाही, तेल नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारलंय मी, एका दिवसाने अपाय नाही. फक्त..."

"फक्त दुखेल," भिंगरीने वाक्य पुरं केलं. थोडा विचार करून म्हणाली, "मग युनिफॉर्मपण मी तिथेच घालते. त्यांच्यासमोर. नाइटड्रेसवरूनच."

"चार लोकांसमोर? तशी? केस न विंचरता?" कडकबाईच्या अंगावर काटा आला. आजवर तिने गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा चुरगळलेला बाहेर जाऊ दिला नव्हता.

"हो, तशीच. दुखतं मला आणि लाज तुला वाटते," भिंगरी म्हणाली. "हे बरंय." कडकबाईने युनिफॉर्म काढून तिच्या उशाशी ठेवला. बोलायचं खातं बंद पडलेलं नवऱ्यानेही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

उजाडायच्या आत कडकबाई बोर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पोरीला उचलून आणायचं काम बापाचं. त्याने तिला अंथरुणासकट गाडीत ठेवलं, चारी बाजूंनी धुतलेल्या चादरींची गाठोडी लावली, मांडीवर युनिफॉर्म दिला, पायाशी बूट-मोजे आणि दप्तर ठेवलं. खड्डा आला की ती दात आवळायची, म्हणून तो खड्डे चुकवत चालला होता. दारावर शिपायाने विचारलं, काय आणलंय? बाप म्हणाला, "गाठोडी आहेत. त्यातलं एक बोलतं, जरा जपून." त्याने भिंगरीला हसवायला सांगितलेला तो विनोद, आणि ती हसली.

खोलीत तेच मोठे डॉक्टर, बाजूला एक डॉक्टरीणबाई. बापाने पोरीला खुर्चीत बसवलं आणि तो बाहेर गेला; कडकबाई खुर्चीशेजारी उभी राहिली. मोठ्या डॉक्टरांनी जुना कागद काढला. "ही तर मागे येऊन गेलीय. तेव्हा ठीक होती."

"तेव्हा आईने मला तयार करून आणलं होतं," भिंगरी म्हणाली. "आज मी तुमच्यासमोर तयार होते. रोज उठते तशीच, न शेकता. तुम्ही फक्त बघा."

शर्टाची एक बाही घालायलाच तिला मान, खांदा, कोपर सगळं वळवावं लागलं. मग दुसरी बाही. मग बटणं. अंगठा आणि बोट जुळेनात. बटण काजाशी यायचं आणि निसटायचं, यायचं आणि निसटायचं. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि पोरीच्या श्वासाचा. कडकबाईचे हात आपोआप पुढे गेले.

"आई, हात मागे," भिंगरी वर न बघता म्हणाली.

कडकबाईने हात पाठीमागे नेले आणि एकाने दुसऱ्याचं मनगट गच्च धरलं. उभ्या आयुष्यात तिने एवढं जड काम केलं नव्हतं. ज्या बाईने ढिगाने कपडे उपसले तिला एक बटण न लावता उभं राहणं जमेना. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंसुद्धा नाही, कारण पुसायला हात सोडावा लागला असता.

पहिलं बटण लागलं, तेही चुकीच्या काजात. दुसऱ्याशी झटापट चालू असताना मोठ्या डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तिसऱ्याला त्यांनी पेन उचललं. "बस, बाळ. कळलं मला. राहू दे आता."

"नाही राहू देणार," भिंगरी म्हणाली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "अजून दोन बटणं आहेत. मग स्कर्ट. मग मोजे. मग बूट. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, समोर दिसतं ते लिहितो. मग सगळं बघून लिहा. मी रोज अर्ध्यावर सोडून शाळेत जात नाही."

दार ढकलून शिपाई डोकावला, बाहेर लोक ओरडतायत म्हणाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "ओरडू दे. दार लाव." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून बसले. भिंगरी मोज्यांपर्यंत आली तशा डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघायला लागल्या, तर भिंगरीने त्यांनाही सोडलं नाही. "तुम्हीपण बघा ना." त्या वळल्या आणि बघत राहिल्या. दुसऱ्या बुटाची लेस बांधून झाली, म्हणजे कशीबशी गुंडाळून झाली, तेव्हा बाहेरची रांगसुद्धा थकून गप्प झाली होती.

डॉक्टर लिहायला लागले. कडकबाईने हात सोडवले, नाक पुसलं आणि तिची जीभ परत जाग्यावर आली. "डॉक्टर, नुसतं 'आजार आहे' लिहू नका. सकाळी असं होतं आणि दुपारी सुटतं, हेही लिहा. दुपारी ती उड्या मारेल, तेही लिहा. नाहीतर उद्या कुणी तिला खेळताना बघितलं की आम्हीच खोटे ठरू."

"उड्या मारते?" डॉक्टरांनी विचारलं.

"मारते," भिंगरी म्हणाली. "आणि मारणार."

डॉक्टर गालातल्या गालात हसले. तेही लिहिलं त्यांनी.

तिथून गाडी घरी नाही गेली, थेट शाळेत गेली. घंटा कधीच झाली होती. फाटकाशी उतरताना कडकबाईचं पोरीकडे नीट लक्ष गेलं. शर्ट मांडीवर घडी मोडून आणलेला, चुरगळलेला. बटणं एक काज सोडून लागलेली, त्यामुळे एक टोक वर, एक खाली. कॉलर एका बाजूने आत. एक मोजा गुंडाळलेला. तिचा हात कॉलरकडे गेलाच. भिंगरीने नुसतं पाहिलं. हात परत आला.

हेडसरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "ठीक आहे. फाइलला लावतो. हजेरीचं बघू सावकाश."

"सावकाश नाही, सर. आत्ता."

"अहो, वर्गशिक्षिका तासावर आहेत."

"तास संपेपर्यंत थांबते मी. माझ्या दुकानात बाक आहे, तुमच्याकडेही असेलच." ती बाहेरच्या बाकावर बसली, शेजारी पोर, पलीकडे बाप. तास संपला, वर्गशिक्षिका हजेरीपट घेऊन आल्या, आणि हेडसरांच्या देखत एकेका गैरहजेरीवर हजेरी चढायला लागली. कडकबाई टेबलाशी उभी राहून शेवटच्या खुणेपर्यंत बघत होती. वार्षिक परीक्षेच्या यादीत नाव चढलं, पुढे जादा वेळ असं लिहिलं गेलं, हेडसरांची सही झाली. तोवर भिंगरीची बोटंही सुटत आली होती.

हेडसरांना हे सगळं गिळायला जडच गेलं असणार. माणूस हरला की काहीतरी शेवटचं बोलायला शोधतो. त्यांनी भिंगरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक. पण बाई, तुम्ही एवढ्या नावाजलेल्या इस्त्रीवाल्या, आणि तुमच्या मुलीचा हा अवतार? युनिफॉर्म तरी नीट घालून आणायचा."

बापाने डोळे मिटून घेतले. आता काय होणार ते त्याला माहीत होतं. पण कडकबाई ओरडली नाही. तिने हेडसरांच्या त्या धारदार बाहीकडे बोट केलं.

"सर, तुमच्या अंगावरचा शर्ट माझ्या हातचा आहे. हिच्या अंगावरचा हिच्या हातचा आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

भिंगरीने दप्तर खांद्याला लावलं आणि मधल्या व्हरांड्यातून, सगळ्या वर्गांच्या उघड्या दारांसमोरून, तशीच आपल्या वर्गाकडे चालत गेली.